वासकाका आणि चार घोट

ओवी उठत नव्हती. आठ महिन्यांची माझी पोर, चारला दूध पिऊन झोपली ती सहा वाजले तरी डोळा उघडेना. पायाला चिमटा काढला, तोंडावर पाणी शिंपडलं, तिनं नुसतं तोंड वाकडं केलं आणि परत झोपली. आणि मला एकदम आठवलं, दुपारी मी चार घोट वाइन गिळली होती, तीच दुधातून गेली असणार. नवरा पिकअप घेऊन सुरतेला गेलेला. पहिला फोन मी वासकाकांना लावला.

वासकाका हे नाव आम्ही किचनमधल्या बायकांनी पाडलेलं. दिंडोरीकडं द्राक्षाच्या मळ्यांत वाइनची कंपनी हाय, तिथं पाहुण्यांचं जेवण आम्ही तिघी करतो. काका पाहुण्यांना वाइनची चव शिकवायचे. पण त्यांचं नाक वाइनवर थांबायचं नाय. किचनमध्ये आले की कोथिंबिरीचा वास घ्यायचे, माठाचा घ्यायचे, एकदा तर तव्याचा घेतला आणि नाकाचा शेंडा भाजून घेतला. नाशिक रोडला राहायचे, नोटा छापायच्या प्रेसमधून रिटायर झालेले. म्हणायचे, "आयुष्यभर नोटांच्या शाईचा वास घेतला, आता कुठं देवानं द्राक्षं दाखवली."

पाहुणे गेले की ते आम्हाला टेबलावर बसवायचे. आम्ही उभ्याच, खुर्चीत बसायची सवय नाय. "बसा गं. जी रांधते तिला कळायला नको का, कशाबरोबर काय जातं?" मग भाकरी, ठेचा, भरीत, आमचंच उरलेलं, आणि ग्लासात तळाला बोटभर वाइन. ठेच्याबरोबर लाल नको, जास्तच झोंबतं, गोडसर पांढरी घ्यायची. वांग्याला चुलीचा धूर लागलेला असतो, त्याला लाल. मी सातवी शिकलेली, म्हटलं मला काय कळणार यातलं. तर म्हणाले, "पुस्तकातलं नको. घरातलं काय आठवतं ते सांग."

मी पांढरीचा वास घेतला. म्हटलं, पेरू कापून मीठ लावून ठेवल्यावर येतो तसा येतोय. काकांनी खिशातली वही काढून ते लिहून घेतलं. माझं बोलणं. आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं. पुढच्या रविवारी पाहुण्यांना तेच सांगितलं आणि म्हणाले, "हे माझं नाही बरं, आमच्या किचनमधल्या सूनबाईंचं आहे." मी दाराआड उभी होते, भाजी करपली त्या दिवशी.

थुंकायचं मात्र दरवेळी बजावायचे. "चव तोंडात असते, पोटात नाही. तू अंगावर पाजतेस, तुला थेंबसुद्धा गिळायचा नाही." आम्ही पदर आडवा धरून स्टीलच्या डब्यात थुंकायचो. हिराबाई म्हणायची, "काका, माझ्या सासूनं बघितलं तर म्हणंल, सून तंबाखू खायला लागली." काका डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचे.

ओवी उठेना त्या रविवारी मोठं टेबल भरलं होतं. काकांनी मला किचनमधून बोलावलं. "जिनं भरीत केलंय तीच सांगेल," म्हणाले, आणि ग्लास हातात दिला. सगळे माझ्याकडं बघत होते, त्यात सासऱ्यांच्या वयाची चार-पाच माणसं. थुंकायचं भांडं टेबलाच्या मधोमध, जेवत्या ताटांशेजारी. आता सांगा, माहेरी आजोबांसमोर मी कधी चूळ भरली नाय, तिथं थुंकू कशी? गिळलं. चार वाइन, चार घोट. काका दुसऱ्या टोकाला बोलत होते, त्यांना दिसलं नाय. पण मी बोलले चांगलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या नादात मी घरी जाऊन ओवीला पाजलंसुद्धा.

फोन केला तेव्हा काका अजून कंपनीतच होते, दहा मिनिटांत स्कूटरवर आले. मी आणि आत्याबाई, म्हणजे माझी सासू, ओवीला घेऊन रिक्षात, काका मागं. वाइन गिळल्याचं मी रिक्षातच आत्याबाईंना सांगून टाकलं, काकांनी थुंकायचं बजावलेलं तेवढं सांगितलं नाय. डॉक्टरांनी ओवीच्या तळपायाला टिचकी मारली, तिनं भोकाड पसरलं. दात येतायत, रात्रभर जागी होती, ती झोप काढतीय, म्हणाले. एवढ्यानं काही झालं नाय, पण असं परत करू नको.

आत्याबाई माळकरी. दुसऱ्या दिवशी मला घेऊन कंपनीत गेल्या आणि मालकांसमोर काकांना म्हणाल्या, "लेकीबाळी नाहीत का तुम्हाला? अंगावर पाजणाऱ्या बाईला दारू देता?"

काकांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "चूक माझी, वहिनी. थुंकायचं सांगायला मी विसरलो."

मालकांनी मला विचारलं, "खरं का? सांगितलं नव्हतं त्यांनी?" मी ओवीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. बोलले नाय.

त्याच दिवशी काका काम सोडून गेले. आता मनमाडला पुतण्याकडं असतात म्हणे. आत्याबाई म्हणाल्या, "तो म्हातारा गेला ना, मग जा तू कामाला." म्हणून मी अजून तिथं भाकऱ्या थापते. नवीन पोरगी आलीय, ती कागदावरचं पाठ म्हणून दाखवते, आम्हाला कुणी बसा म्हणत नाय. परवा नवी लाल फोडली, मी लांबूनच वास घेतला, उसाच्या गुऱ्हाळाबाहेर चिपाडं वाळतात तसा होता. हिराबाईला सांगितलं, ती म्हणाली, "भाकर जळतीय."

काकांचा नंबर हाय माझ्याकडं. एक रिंग जाते आणि मी कापते. त्या दिवशी खरं बोलले असते, तर काका राहिले असते, पण मला आत्याबाईंनी उंबऱ्याबाहेर परत सोडलं नसतं. काकांना हे कळलं होतं, म्हणून तर ते खोटं बोलले. पण म्हणून मी गप्प बसायचं होतं का? ओवी कडेवर, सासू शेजारी, समोर ते हात जोडून उभे. तुम्ही माझ्या जागी असता, तर काय केलं असतं?