आमोनीच्या गालातला अर्धा दात

आमोनी माझी थोरली बहीण. तिच्या नवऱ्यानं, एसेकोननं, आवोईला दुसरी बायको म्हणून आणलं तेव्हा आमोनीनं स्वतः तिच्या झोपडीचं छत शाकारून दिलं आणि आपल्या गळ्यातल्या मण्यांचे चार सर काढून तिच्या गळ्यात घातले. नवऱ्यावरून या दोघींचं कधी वाजलं नाही. एसेकोन वर्षातले आठ महिने उंटांमागे डोंगरात असायचा. तो परत आला की कुणाच्या झोपडीत निजतो, याचं दोघींनाही फारसं पडलेलं नव्हतं. वाजलं ते चाळणीवरून.

आमच्याकडे लोकापेलच्या कोरड्या नदीपात्राशी दर वर्षी जूनमध्ये तंबू पडतात. नैरोबीहून डॉक्टर जेरोप येतात. त्यांच्याबरोबर दोन-चार गोरे, मातीचे थर वाचणारा एक जण आणि कांबा मुलखातले पाच-सहा तरबेज शोधे असतात. किठोमे हा त्यांचा मुकादम. ही सगळी माणसं जुन्या माणसाची हाडं शोधतात. डॉक्टर सांगतात की ही पंधरा लाख वर्षांपूर्वीची, आपल्या सगळ्यांच्या आधीची माणसं. आम्ही बायका चाळणीवर. खणलेली माती बादल्यांतून येते, ती जाळीवर हलवायची, धूळ खाली पडली की वर उरलेले खडे एकेक करून निवडायचे. खडा की हाड हे कळेना तर जिभेला लावायचं. दगड सुटून येतो, जुनं हाड चिकटतं.

आमोनीनं अशी अकरा वर्षं काढली. तिच्यासारखी नजर साऱ्या कॅम्पात कुणाची नव्हती, हे किठोमेही कबूल करायचा. मगरीचा दात, माशाचा काटा, डुकराची दाढ ती बादली ओतताओतताच ओळखायची. पण अकरा वर्षांत तिच्या हाताला माणसाचं एक हाड लागलं नव्हतं. कॅम्पाला आजवर माणसाची दोनच हाडं मिळाली होती, ती दोन्ही कांबा पुरुषांना, आणि डॉक्टरांच्या वहीत त्यांचीच नावं होती. आमोनीला वाचता येत नव्हतं, तरी ती नावं कुठल्या ओळीत आहेत हे तिला ठाऊक होतं. एकदा तिनं मला बोट ठेवून दाखवलं होतं.

त्या वर्षी दुष्काळानं शेळ्यांचं दूध आटलं, म्हणून आमोनीनंच किठोमेकडे शब्द टाकून आवोईला कामावर लावलं. आवोई म्हणजे तोंडाचा पट्टा. चाळणीवर बसून गाणी म्हणायची, तंबाखू चघळायची, मुकादमाच्या चालण्याची नक्कल करून बायकांना हसवायची. आमोनी तिला दटावायची, मग हात धरून शिकवायची. कासवाच्या पाठीचा तुकडा कसा दिसतो आणि फसवा खडा कसा दिसतो, सगळं.

नवव्या दिवशी सकाळी आवोई टेकडीमागच्या घळीत आडोशाला बसायला गेली आणि खालचा जबडा हातात घेऊन परत आली. पाच दात जागच्या जागी होते, सहावा अर्धा तुटलेला. तिनं तो किठोमेपुढे धरला आणि विचारलं, "हे माकडाचं की तुमच्या कामाचं?"

किठोमे खालीच बसला. डॉक्टर पळत आल्या आणि त्यांनी आवोईला मिठी मारली. ती कशासाठी गेली होती हे कळल्यावर सारा कॅम्प पोट धरून हसला. दुपारी बोकड कापला. संध्याकाळी नकाशावर त्या घळीला नाव लिहिलं गेलं, आवोईची घळ.

आमोनी बोकडाच्या मटणाला शिवली नाही. पोटात दुखतंय म्हणाली. मी तिच्याजवळ जाऊन बसले तेव्हा म्हणाली, "त्या घळीत मी अकरा वर्षं बसायला जातेय. त्याच झुडपामागं."



पुढचे दिवस वाईट गेले. पाहुणे यायचे आणि आवोईचा फोटो काढायचे, ती एकेकाला सगळी गोष्ट रंगवून सांगायची. दर वेळी गोष्ट थोडी वाढायची. आता म्हणे तिला आदल्या दिवशी स्वप्न पडलं होतं. आमोनी पाठ फिरवून चाळणी हलवायची, इतक्या जोरात की जाळी फाटेल असं वाटायचं. घरी आल्यावर आवोईनं चहा केला तर हिच्या मते त्याला धूर लागलेला, आवोईनं पाणी आणलं तर ते गढूळ. वस्तीतल्या बायका आमोनीला मुद्दाम विचारायच्या, "तुमच्या धाकटीला सापडलं म्हणे? तुम्ही शिकवलंत ना तिला?" आमोनी हो म्हणायची आणि हसायची. ते हसू मला बघवायचं नाही.

तुटक्या दाताचा उरलेला अर्धा भाग शोधायला त्या घळीची माती चौकोन आखून खणायला घेतली. वरच्या चौकोनांत तांबडी वाळू होती, खालच्या चौकोनांत काळी चिकणमाती. आमोनी आणि आवोई एकाच चाळणीवर समोरासमोर, शेजारच्या चाळणीवर मी. तिसऱ्या दिवशी तांबड्या मातीची एक बादली चालू असताना आमोनीचा हात थांबला. तिनं काहीतरी उचललं, जिभेला लावलं आणि तिचं तोंड मिटलं. ती थुंकली नाही. चाळणी पुन्हा हलू लागली. दुपारपर्यंत तिचा डावा गाल किंचित फुगलेला होता आणि कुणी काही विचारलं तर ती मानेनंच उत्तर देत होती.

मला कळलं. घरी जाताना मी तिला गाठलं आणि तो देऊन टाक म्हणाले.

"कुणाला देऊ?" ती म्हणाली. "तिच्याच जबड्याला जोडणार ना तो? तिचा जबडा पुरा करायला मी अकरा वर्षं धूळ खाल्ली का?"

तो दात तिनं तपकिरीच्या डबीत ठेवला. आठ दिवस संध्याकाळी किठोमे विचारायचा, काही मिळालं का, आणि आमोनी नकाराची मान हलवायची. मी गप्प राहिले. बहीण होती, दुसरं काय करणार?

दात मिळेना तसा किठोमेचा राग आवोईवर वळला. जबडा जागेवरून उचललाच का, खूण करून हाक मारायची अक्कल नव्हती का, तुझ्याच हातून तो तुकडा उडाला असणार, असं तो सगळ्यांदेखत बोलला. डॉक्टरही थंड झाल्या. आवोईची गाणी बंद पडली. पहिले दोन दिवस आमोनीचा चेहरा उजळला होता. तिनं घरी स्वतः चहा केला आणि आवोईलाही दिला. पण ते सुख टिकलं नाही. समोर बसून कुणी रोज मुकाट्यानं रडत असेल तर त्यातली मजा किती दिवस पुरणार.

मग डॉक्टरांनी सांगितलं की शनिवारी घळीतलं काम बंद होईल. तेव्हा आमोनी हादरली. काम बंद झाल्यावर डबीतला दात म्हणजे नुसता खडा. तो ना कुणाला दाखवता येणार, ना त्याच्यापुढे तिचं नाव लागणार. शुक्रवारी सकाळी तिनं तो कमरेच्या कातड्यात खोचून आणला आणि मातीत सोडला. पण तोवर वरचे चौकोन संपले होते, चाळणीवर काळी चिकणमाती होती. तिनं दात उचलला आणि किठोमेला हाक मारली.

सगळे जमले. डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं, जबडा पेटीतून काढून त्याला दात लावून बघितला. बरोब्बर बसला. कुणीतरी टाळी वाजवली. मग डॉक्टरांनी दात पुन्हा भिंगाखाली धरला आणि म्हणाल्या, "या मातीतून इतका स्वच्छ कसा निघाला?"

मी मान खाली घातली. तेवढ्यात आवोई म्हणाली, "डॉक्टर, मी तो जिभेला लावून बघितला. अक्कांच्या हातातून ओढून घेतला आणि तोंडात धरला. तंबाखूची सवय, चोखलाच गेला."

लोक हसले. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरची आठी गेली. त्यांनी वही उघडली, चौकोनाचा आकडा विचारला आणि नाव लिहायला पेन टेकवलं. अकरा वर्षं ज्या ओळीची वाट बघितली ती ओळ आता लिहिली जाणार होती.

आमोनी आवोईकडे बघत होती. तेव्हा माझ्या बहिणीच्या डोळ्यांत मी जो जाळ पाहिला, तो जबडा सापडला त्या दिवशीही नव्हता.

"खोटं बोलतेय ती," आमोनी म्हणाली. "मी ठेवला होता. आठ दिवस घरी होता. तांबड्या मातीतला आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या ओरडल्या नाहीत. कुठल्या चौकोनातला, एवढंच विचारलं. आमोनी उठली, घळीत गेली आणि पायाच्या अंगठ्यानं जागा दाखवली. ती बादली, तिच्या आधीच्या दोन आणि नंतरच्या तीन बादल्यांत काय काय निघालं होतं, हे तिनं न अडखळता सांगितलं. मातीवाल्यानं वहीतल्या नोंदींशी ताडून पाहिलं, सगळं जुळलं. डॉक्टरांनी तिच्या सांगण्याप्रमाणे सगळं लिहून घेतलं आणि तिला घरी जायला सांगितलं. या वर्षी परत येऊ नका, असंही म्हणाल्या.

वाटेत आवोई मागून धावत आली. आमोनी तिच्यावर उसळली, तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला म्हणून.

आवोई धापा टाकत म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुमच्यासमोरच बसले होते ना. गाल दिसत होता."

"मग आठ दिवस शिव्या का खाल्ल्यास?"

"तुम्ही घरात थोरल्या. तुमचं नाव सांगून मी संध्याकाळी कुठल्या घरी गेले असते?"

आवोईनं दया केली असती तरी आमोनीला चाललं असतं, किंवा सूड उगवला असता तरी. हे उत्तर तिला कुठेच ठेवता येईना. ती महिनाभर आवोईशी बोलली नाही. डोंगरातून एसेकोन आला, त्यानं सगळं ऐकलं आणि एका दातावरून दोन बायका अबोला धरतात हे आपल्या सात पिढ्यांत झालं नसेल, एवढं बोलून उंटांना पाणी पाजायला निघून गेला.

पुढच्या जूनमध्ये किठोमे स्वतः वस्तीवर आला. डॉक्टरांनी दोघींनाही बोलावलं होतं. आमोनीनं शेळीचं दूध काढताकाढता, मान वर न करता सांगितलं की येते, पण तिच्या चाळणीवर बसणार नाही. किठोमेनं मान्य केलं.

आता तीन चाळण्या मांडतात. एका टोकाला आवोई, दुसऱ्या टोकाला आमोनी आणि मधे मी. एका दुपारी मी आमोनीला विचारलं, अजून जळतेस का. तिनं लपवलं नाही, हो म्हणाली, आणि बादली पुढे सरकवायला सांगितली. ती दिवसभर आपल्याच जाळीत बघत असते. पण आवोईचा हात एखाद्या खड्यावर जरा जास्त वेळ थांबला की इकडे आमोनीची चाळणीही थांबते. आवोई तो खडा उचलते, जिभेला लावते, फेकून देते. मग दोन्ही चाळण्या पुन्हा सुरू होतात.