कोऱ्या भांड्यात

त्या फोनची आठवण झाली की आजही माझं डोकं भणभणतं. "ताई, तुमच्या गावचे सगळे नमुने बाद," पलीकडचा माणूस म्हणाला, आणि वर ऐकवलं, "बायांना एवढंही कळत नाही का?"

कळतं रे बाबा, सगळं कळतं. तुम्ही विचारलं कुठं?

गोंदिया जिल्ह्यात, गोरेगाव तालुक्यातल्या एका गावात मी अंगणवाडी चालवते. धानाला तुडतुडा लागला की आमच्याकडे फवारणीची दवाई मारतात, आणि धानाच्या बांध्या घरापासून हाकेवर. माझ्या धाकट्या जावेची पोरगी चार वर्षांची. फवारणी सुरू झाली की तिचे हात थरथरायचे, तोंडातून लाळ गळायची, चालता चालता पडायची. गोंदियाच्या डॉक्टरनं सांगितलं, "पेशाब की जाँच में दवाई निकली, तो नागपूर भेजेंगे. बिना रिपोर्ट के क्या लिखूँ?" त्या एका रिपोर्टवर जाऊ डोळे लावून बसली होती.

म्हणून शहरातल्या प्रयोगशाळेची गाडी गावात आली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. मुलांच्या अंगात फवारणीचं विष किती जातं ते तपासणार होते. फिरकीच्या झाकणाच्या पांढऱ्याशुभ्र बाटल्या त्यांनी माझ्या हाती दिल्या. सकाळची पहिली लघवी भरून ठेवा म्हणाले आणि धुरळा उडवत निघून गेले. मी घरोघर बाटल्या वाटल्या. दुसऱ्या दिवशी बायांनी लाजेनं काळ्या पिशव्यांत गाठी मारून आणून दिलं, मी ते तसंच खोक्यात ठेवलं, गाडीनं तसंच उचललं. एकानंही गाठ सोडून पाहिली नाही. मीही नाही.

"एकही नमुना आमच्या बाटलीत नाही," एवढं ऐकून फोन ठेवला आणि तरातरा जावेकडे गेले.

"लघवी कशात भरली वो?"

"बाटलीत."

"कोणत्या?"

"दवाईच्या रिकाम्या. राखेनं घासली, तीन पाण्यानं धुतली!" तिनं फळीकडे बोट केलं. तिथं ती पांढरी बाटली हळद भरून ठेवली होती. "कोऱ्या भांड्यात कोनी मूत भरते का, बाई? पयले त्यात खायाचं पडाव लागते."

नवं भांडं आलं की आधी मूठभर धान, हळद, गूळ, काहीतरी चांगलं घालायचं, हे माझ्याही आईनं मला शिकवलंय. गावातल्या सगळ्या घरांत हेच झालं होतं. वाटताना माझ्या तोंडून एक वाक्य निघालं असतं, तर पोरीचा रिपोर्ट आला असता. माझाच मला असा राग आला!

मी परत फोन लावला, सगळं सांगितलं. तर तो हसला. अहो, हसला! "मग विष बाटलीचं की मुलाचं, आम्ही कसं ओळखायचं? फवारणी तर संपली. आता पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी? फवारणी संपली तरी पोरगी आजही चालता चालता पडून रायली ना!" मी ओरडले. "अन् विषाची बाटली लेकराच्या घरात धुऊन वापरतात, हे लिहा ना तुमच्या रिपोर्टात!"

"त्याला रकाना नाही, ताई."

आग लागो तुमच्या रकान्याला! मी फोन आपटला. रात्रभर त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

सकाळी पोरं अंगणवाडीत आली. जावेची पोरगी नेहमीसारखी गळ्यात सुतळीनं अडकवलेली पाण्याची बाटली घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. मी नेहमीसारखी ती हापशीखाली धरली, दांडा दाबला, आणि हात तिथंच थांबला. निळं झाकण. बाजूला खरवडून काढलेल्या कागदाचा चिकट डाग.

"ही बाटली कुठली, बाई?"

"बाबाच्या दवाईची," ती म्हणाली. "आईनं धुतली."

पावसाळ्यापासून ती बाटली रोज मीच भरत होते. सगळं पाणी संपवलं की शाबास म्हणत होते.