चकलीच्या डब्यातली दारू

चाकणच्या कंपनीत माझं काम सेफ्टीचं. दिवसभर हेल्मेट घाला, इथे विडी ओढू नका म्हणून लोकांवर ओरडायचं, आणि संध्याकाळी घरी यायचं ते बंदुकीच्या दारूशेजारी झोपायला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, परवान्याची ठासणीची बंदूक होती, रानडुकरं हुसकायला. निवडणुकीच्या वेळी ती पोलीस ठाण्यात जमा केली ती परत आणलीच नाही, कारण डुकरं यायची त्या रानात आता गोडाऊन उभं आहे. बंदूक गेली, दारू मात्र चकलीच्या जुन्या डब्यात राहिली. दमट हवेनं तिचे खडे झाले, तरी अण्णा मधूनच ती गच्चीवर नेत आणि कुरडयांशेजारी पसरत.

"अण्णा, घरात लेकरू आहे. टाका ना ती."

"दारूला काय व्हतंय? ऊन दाखवलं की झालं."

शेवटी ठाण्यात फोन केला. "घरात जुनी दारू आहे, काय करू?"

"किती बाटल्या, मॅडम?"

बंदुकीची म्हटल्यावर पलीकडचा हवालदार गंभीर झाला, परवानेवाल्यालाच घेऊन या म्हणाला. परवानेवाला जागचा हलेना. नवरा म्हणे, "तू आणि अण्णा बघून घ्या." नुसता संताप यायचा.

मग आली खंडेनवमी. कंपनीत मशिनची पूजा उरकून घरी येते तो काय, चौरंगावर बंदुकीच्या जागी तो डबा! झाकण उघडं, वर हळदकुंकू, आणि माझी सहा वर्षांची लेक पेटलं निरांजन घेऊन ओवाळायच्या तयारीत. मी धावत जाऊन ते हिसकावलं आणि दारात नेऊन विझवलं.

"सणाचा दिवा इझवला!" अण्णा कडाडले. मीही तोंडाला येईल ते बोलले.

लेक मधेच म्हणाली, "अण्णा, ही फटाक्यातली दारू ना? दिवाळीला मी याचा भुईनळा करू?"

अण्णा डबा उचलून अंगणात गेले आणि भरल्या बादलीत उपडा केला. "उद्या ठाण्यात जाऊ," एवढंच म्हणाले. माझ्या इतक्या वर्षांच्या ओरडण्यानं झालं नाही ते पोरीच्या एका प्रश्नानं झालं, याचाही मला रागच आला.

डबा स्वच्छ घासून त्यांनी पुन्हा चौरंगावर ठेवला.

"आता कशाची पूजा, अण्णा?"

"हुतं त्याची," ते म्हणाले.

निरांजन मीच लावलं.