दोन गाठींमधली दोरी

चूक माझी होती. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, नाहीतर पुढे लिहिता लिहिता मी ती हळूच कॉम्प्युटरवर किंवा दुसऱ्या कुणावर सरकवीन. तशी सवय आहे मला. एका चांगल्या मिस्त्रीला मोजायची फीत वाचता येत नाही, असं मी चार माणसांत म्हणालो आणि त्याचं काम गेलं.

पांढरकवड्यात एका इंजिनिअरच्या ऑफिसात मी वीसेक वर्षं घरांचे नि दुकानांचे नकाशे काढतो. नकाशात मापं टाकायची माझी एक ठरलेली रीत होती. मापाचा कमांड टाइप करायचा, मग आडवं हवं की उभं ते सांगायचं, मग दोन टोकं दाखवायची. बोटं आपोआप चालत. बहुतेक वेळा मी आडवंच सांगत असे.

मग ऑफिसात नकाशाच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं. तोच कमांड टाइप केला, तर तो काही विचारेचना. रेषेवर बाण नुसता नेला की माप हजर. आडव्या रेषेला आडवं, तिरप्या रेषेला तिरपं, गोलाला त्रिज्या. मी काही सांगायच्या आधीच. पाठीमागे उभं राहून कुणीतरी माझी उत्तरं लिहितंय, असं वाटायचं.

शेजारच्या टेबलावरच्या ताईंना ते फार आवडलं होतं. सिव्हिलचा डिप्लोमा झालेल्या, मुलं शाळेत जायला लागल्यावर पुन्हा कामावर आलेल्या.

"भाऊ, विचारत नाही म्हणजे त्याले समजते," त्या म्हणाल्या.

"तेच म्हणतो ना मी. त्याले कसं समजते?"

माझा संशय मग त्यांच्यावरही गेला. सेटिंग बदलणारं दुसरं होतंच कोण? जेवायला उठताना मी पाच-सहा मापं डायरीत उतरवून ठेवायचो आणि परत आल्यावर ताडून पाहायचो. त्यांच्या ते लक्षात आलं. डबा बंद करता करता त्या विचारायच्या, "भाऊ, आज किती इंच चोरले म्या?" मी हसायचो, पण ताडून पाहायचोच. पुढे मला कळलं की कमांडच्या नावामागे एकचा आकडा लावला की जुनी रीत परत येते. तेव्हापासून मी तसंच काम करू लागलो. कुणाला सांगितलं नाही.

एक दिवस एक दुकानमालक आले. हायवेवरच्या त्यांच्या तीन दुकानांचा नकाशा दोन वर्षांपूर्वी मीच काढला होता. आता वरचा मजला चढवायचा होता, पण आधी तक्रार होती. समोरची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला भिडायला हवी होती, तिथे मध्ये फट राहिली होती. पावसाचं पाणी त्यात उतरायचं आणि शेवटच्या दुकानात ओल यायची.

"गुटख्याच्या पुड्या, उंदरं, सारं त्याच्यातच," ते म्हणाले. "हात पुरत नाही, झाडू पुरत नाही."

ते गेल्यावर मी जुनी फाइल उघडली. समोरच्या भिंतीवर माझं माप होतं, चाळीस फूट. सहज नवा कमांड लावून पाहिला. चाळीस फूट पाच इंच.

"या फाइलले कोणी हात लावला?" मी जरा मोठ्यानंच विचारलं.

ताई उठून आल्या. स्क्रीनकडे पाहिलं. "भाऊ, हायवे तिथून तिरपा जाते ना? त्याच्यासंगं भिंतही तिरपी हाये. तुमी माप आडवं घेतलं. तिरपी भिंत आडव्या मापापेक्षा जास्तच भरन."

मी "बघू" म्हणालो. खरं तर मला त्याच क्षणी समजलं होतं, आणि भिंतीच्याही आधी तो मिस्त्री आठवला होता.

त्या कामावरचा पहिला मिस्त्री मुकुटबनचा. आखणीच्या दिवशी तो नायलॉनची दोरी गुंडाळून थेट ऑफिसात आला होता. मालक तेव्हा तिथेच बसले होते. त्यांचे दोन सोबती होते, चहा चालला होता.

"साहेब, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तानली. दोन्ही टोकाले गाठ मारली. चाळीस नाही भरून राह्यलं, पाच इंच जास्त हाये. मोजून घ्या."

"दोरी ताणली की वाढणारच."

"मंग फीत घेऊन चाला माह्यासंगं."

"मिस्त्री, हे माप कॉम्प्युटरनं काढलं आहे," मी म्हणालो. मग मालकांकडे वळून म्हणालो, "याले फीत वाचता येत नाही, नकाशा काय वाचन?"

ते तिघं हसले. मिस्त्री हसला नाही. दोरी माझ्या टेबलावर ठेवून निघून गेला. दोन दिवसांत कामावर दुसरा मिस्त्री आला. त्यानं सही-शिक्क्याचा नकाशा पाहून बरोबर चाळीस फुटांवर भिंत थांबवली. पहिल्याला पुढे पांढरकवड्यात कुणी आखणीचं काम दिलं नाही. फीत वाचता न येणारा मिस्त्री, हे माझं वाक्य त्याच्या आधी पोचायचं. तो मुकुटबनला परत गेल्याचं मी ऐकलं होतं. ऐकून गप्प बसलो होतो.

त्या दोरीनं मी त्याच नकाशाचं भेंडोळं बांधून ठेवलं होतं. आता ते कपाटावरून काढलं, दोरी सोडवली. गाठी तशाच होत्या. ऑफिसच्या लांब व्हरांड्यात ताईंनी एक टोक धरलं आणि मी फीत लावली. चाळीस फूट पाच इंच.

"कोनाची दोरी हाये हे?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं टोक खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आन् तुमी माह्यावर डायरी लिहून राह्यलते."

कॉम्प्युटरनं मी विचारलं तेवढंच सांगितलं, तेव्हा तो मला खरा वाटला. न विचारता बरोबर सांगू लागला, तेव्हा मी त्याच्यावर संशय घेतला. मिस्त्रीशीही मी असाच वागलो होतो.

रविवारी मुकुटबनला गेलो. तो एका गोठ्याचा पाया भरत होता. मला पाहून थापी खाली ठेवली नाही.

"आता काय राह्यलं?"

माझी चूक होती, फटीतून दुकानात ओल येते, दोरी आता मोजली, असं मी सांगितलं. त्याचा चेहरा आणखी बंद झाला.

"कोनी पाठवलं तुमाले? भिंत वली होऊन राह्यली म्हनून आले काय? कागदावर सही पायजे माही?"

"नाही. माफी मागाले आलो."

त्यानं एक वीट बसवली, ठोकली. "इथं कायले मागता? मले फीत वाचता येते, हे इथं समद्यायले मालूम हाये. जे हासले, त्यायच्यासमोर बोला."

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो एसटीनं आला. मालकांच्या दुकानात तेच दोन सोबती होते, त्यांना मीच बोलावलं होतं. मिस्त्री आत बसला नाही, चप्पल घालून दारातच उभा राहिला. मी मालकांना नि सोबत्यांना बाहेर घेतलं आणि दोरी दुकानासमोरच्या फरशीवर टाकली. एक गाठ मी अलीकडच्या कोपऱ्याला धरली आणि समोरच्या भिंतीच्या कडेनं, शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंत ती ताणून धरायला मालकांनाच सांगितलं. दुसरी गाठ फटीच्या पलीकडे शेजाऱ्याच्या भिंतीला जाऊन टेकली. मालक फटीकडे पाहत राहिले. सोबत्यांपैकी एकानं खाकरल्यासारखं केलं.

 मी दाराकडे तोंड करून बोललो.

"मिस्त्री, तुमचं माप बरोबर होतं. फीत मले वाचता येत नव्हती. या तिघांसमोर मी तुमचं नाव खराब केलं, आणि तुम्ही दोरी आणून दिली तरी मोजली नाही. मले माफ करा."