एक्सलचा आवाज

कामठी रोडवरच्या त्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलं नाही. बारा वर्षं माझी जुनी पिकअप त्याच्याच हाताखाली होती. कुठलाही एक्सल गाडीत घालण्याआधी तो तारेने कडुनिंबाच्या फांदीला टांगायचा, हातोडीचा हलका ठोका द्यायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. आवाज लांबला तर एक्सल धड. झटकन थांबला तर आत कुठेतरी बारीक चीर.

एकदा मागच्या एका चाकाचा एक्सल तुटला, तर त्याने दोन्ही चाकांचे बदलायला लावले. "एक गेला म्हंजे दुसराही थकलाच असते, भाऊ." मी भंगारातून जोडी शोधून आणली. दुसऱ्या दिवशी सकाळीच मौद्याला लग्नाचं वऱ्हाड पोचवायचं होतं.

एक्सल टांगून, हातोडी उचलून तो थांबला. "मले आता बराबर ऐकू येऊन नाही राहिलं. तुमी हात वर धरा. आवाज थांबला की खाली घ्या."

पहिला एक्सल बराच वेळ घणघणला. मी हात खाली घेतला, त्याने मान हलवली. दुसऱ्याचा आवाज ठोक्यासरशीच थांबला. आता तिसरा कुठून आणणार होतो? मी हात वरच ठेवला.

माझ्या हाताकडे बघत तो पुढे झाला. टांगलेल्या एक्सलवर त्याने अलगद तळवा टेकवला आणि तसाच उभा राहिला.

"हात खाली घ्या, भाऊ," तो म्हणाला आणि तार सोडू लागला.