तिया एदुविखेसचं केसाळ पिल्लू

तिया एदुविखेसच्या अंगणातला कुत्र्यांचा वंश बुडवला तो मी. विष घालून नव्हे, शाळेत शिकलेल्या बेरजेने.

तिया आमची शेजारीण. सख्खी मावशी कुणाचीच नव्हे, पण मोनसेफू गावातली आमची अख्खी गल्ली तिला तियाच म्हणायची. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या बिनकेसांची कुत्री. थंडीत कुणाचे गुडघे धरले की तियाकडून एक कुत्री उसनी न्यायची, उघड्या गरम अंगाची ती जिवंत शेगडी पायाशी घेऊन झोपायचं, आणि सकाळी परत करताना सोबत एखादा मासा द्यायचा. माझ्या आईचे गुडघे पासा नावाच्या काळ्या कुत्रीवरच चालायचे.

मार्चमध्ये तिया डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तीन दिवस चिक्लायोला गेली. पासा नेमकी माजावर आलेली. आठ वर्षांची, म्हणजे ही तिची शेवटची वीण. जाताना तियाने बजावलं, "मास्तर, गुरुवारी लानूदोला आत सोड. स्वतःचं डोकं चालवू नकोस." मी मास्तर नव्हे, मोटोटॅक्सी चालवतो, पण गल्लीत शाळा पुरी केलेला एकटाच, म्हणून हे नाव.

लानूदो तियाचाच म्हातारा कुत्रा. अंगभर पिवळट केस, एक कान फाटका. मी हिशेब केला: मागणी बिनकेसांच्या पिल्लांना, मग उघड्या कुत्रीला हा केसाळ नवरा कशाला? तीन गल्ल्या सोडून कासिमिरो एफिओचा कापितान नावाचा बिनकेसांचा कुत्रा होता. लिमाच्या प्रदर्शनात बिल्ला मिळवलेला, अंग घासलेल्या तव्यासारखं. मी त्याला आणायला गेलो.

"कोमाद्रेला माहीत आहे ना?" कासिमिरोने विचारलं. तियाच्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच हातात धरलेलं, तेव्हापासून तो तिला कोमाद्रे म्हणे आणि ती त्याला कोम्पाद्रे.

"तिनेच तर पाठवलं."

"मग रीतीप्रमाणे. कुत्रा माझा, तर पहिलं पिल्लू मी निवडणार."

मी तियाच्या वतीने हातावर हात मारला.

डोळ्याला पट्टी बांधून तिया परतली. मी ऐटीत सगळं सांगितलं. तिने पासाच्या पाठीवरून हात फिरवला.

"शाळेत हेच शिकवतात?"

"काय झालं, तिया?"

"दोन्ही उघडी जोडलीस, गाढवा. असं केलं की चारातलं एक पोटातच विरून जातं. बाप केसाळ असला की टोपलीभर होतात."

हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, तिने ते भोगलं होतं. उघड्यांच्या विणीत केसाळ पिल्लू निघणं तिच्या आईला लाजिरवाणं वाटायचं. आई ते हातात द्यायची आणि नऊ वर्षांची एदुविखेस ते पाटाच्या पाण्यात सोडून यायची. अशी सतरा पिल्लं. नवरा कुठल्या साली गेला हे ती चुकवायची, पण सतरा हा आकडा कधी चुकवला नाही. घरात नुसती उघडी कुत्री उरली तशा विणी आटत गेल्या: चार, दोन, एक, मग एक मेलेलं. अठरावं पिल्लू मात्र ती पाटावरून शालीत गुंडाळून घरी घेऊन आली. लानूदो त्याच्याच वंशातला.

तो लानूदो ईस्टरच्या आठवड्यात म्हातारपणाने गेला. पुन्हा जोडायचा रस्ताही बंद झाला.

"आता एक केसाळ मादी होऊ दे," तिया म्हणाली. "मग पुढे कापितानही चालेल. नाही झाली, तर माझ्या घरातलं संपलं."

मे महिन्यात पासा व्यायली. तीन पिल्लं. दोन उघडे नर, तिसरी पिवळट केसांची मादी. तिया एवढी हसली की ऑपरेशनच्या डोळ्यातूनही पाणी आलं. नाव मात्र ठेवू देईना. निवड होईपर्यंत नाव ठेवत नाहीत.

"कासिमिरो केसाळ कशाला घेईल?" मी म्हणालो. "बिल्लेवाला माणूस तो."

"तू बोलू नकोस, मास्तर. तू बोललास की काहीतरी मरतं."

निवडीच्या सकाळी मलाच धीर निघेना. तिया चूल पेटवत असताना केसाळ पिल्लू मी सदऱ्यात घालून घरी नेलं आणि आईच्या पलंगाखाली ठेवलं. कासिमिरो आला. खोक्यातली दोन पिल्लं उलटीपालटी करून पाहिली, तोंडात बोट घालून दात चाचपले.

"दोनच, कोमाद्रे?"

मी भिंतीकडे बघत होतो. तियाने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"तीन झाली, कोम्पाद्रे. एक या चोराच्या घरी आहे. जा, घेऊन ये."

मी आणलं. कासिमिरोने दात पाहिलेच नाहीत. ते पिल्लू सरळ छातीशी धरलं.

"हीच. माझ्या पोरांनी सगळी केसाळ पाण्यात टाकली, कोमाद्रे. दोन वर्षं माझ्याकडे एका विणीत एकाहून जास्त पिल्लू होत नाही."

"तिया, तो शब्द मी दिला होता," मी म्हणालो. "तू नाही."

"माझ्या घरातून गेला तो शब्द." आणि कासिमिरोला म्हणाली, "अजून आईच्या दुधावर आहे. थंडीचं जप."

त्याने जपलंही. ऑगस्टमध्ये आमच्याकडे कुत्र्यांची तापाची साथ आली, त्यात ती केसाळ मादी चार दिवसांत गेली. कासिमिरो टोपी हातात घेऊन तियाच्या दारात उभा राहिला.

"कुठे पुरलीस?"

"झाडाखाली."

"वर दगड ठेवलास ना? नाहीतर दुसरी कुत्री उकरतात."

एवढंच बोलली ती. दोन उघडी पिल्लं तिने ज्यांची हाडं दुखतात त्यांना देऊन टाकली. पासा उरली आहे. उसनी मात्र ती आता कुणाला देत नाही, माझ्या आईलाही नाही.

"एक केसाळ मादी तुझ्याकडे बाकी निघते, मास्तर," एवढं ती मला अधूनमधून ऐकवते.

लोक फुकट टाकून देतात ती वस्तू. वाटलं होतं, आठवड्यात आणून देईन. रेके पालथं घातलं, सांता रोसा पालथं घातलं. परवा एतेनमध्ये एका बाईच्या अंगणात नुकतीच व्यायलेली उघडी कुत्री दिसली. मी मोटोटॅक्सी बंद न करताच विचारलं.

"केसाळ?" बाई म्हणाली. "दोन होती की. मंगळवारी पाटात सोडली."

त्या दिवशी गुरुवार होता.