सुभेदारांचं लाल फडकं

सुभेदार पाऊल टाकायचे ते जमिनीला विचारून. आधी चवडा टेकायचा, तो क्षणभर थांबायचा, मग कुठे टाच खाली यायची. पोलादपूरच्या एसटी स्टँडवरही त्यांची चाल हीच. मागची माणसं वैतागायची, तेव्हा सुभेदार हसून बाजूला व्हायचे.

लष्करात त्यांची सगळी उमर न फुटलेले गोळे आणि सुरुंग शोधण्यात गेली होती. निवृत्त होऊन ते आंबेनळी घाटाच्या अंगाला असलेल्या वाडीवर म्हशी राखत होते. तेवढ्यात महाडला, सावित्रीकाठचा जुना कचऱ्याचा डोंगर उपसताना, कुणा भंगारवाल्याने टाकलेल्या मालात एक गंजका तोफगोळा निघाला. काम थांबलं. असे आणखीही असतील या धास्तीने सुभेदारांना बोलावून आणलं. मी तिथे नवीन ओव्हरसियर होते.

ती जागा आठवते तेव्हा नाकाला घाण येत नाही, याचं मलाच नवल वाटतं. आठवतं ते नदीवरून सरकत येणारं धुकं, त्यात विरघळलेली, कचरा निवडणाऱ्या बायकांची लुगडी, वर सावकाश फिरणाऱ्या घारी. सुभेदारांनी हात वर केला की पोकलेन थांबायचं आणि मग सावित्रीचं पाणी ऐकू यायचं. ते पालथे पडून मातीतून डोकावणारा लोखंडाचा गोल न्याहाळत राहायचे. "निजलंय," ते पुटपुटायचे. "निजल्याला हाक मारायची नाय."

गोळ्याला त्यांनी कधी बोटही लावलं नाही. सगळ्यांना बांधापलीकडे पाठवायचं, काठीला लाल फडकं बांधून रोवायचं, भोवती चुना लावलेल्या दगडांचं रिंगण करायचं आणि लष्कराच्या पथकाला कळवायचं, एवढंच त्यांचं काम. "हात लावनारा शूर नसतो म्याडम, घाईचा असतो," असं ते म्हणायचे. लढाईच्या गोष्टी विचारल्या की म्हशींच्या सांगायचे. काकी, म्हणजे त्यांची बायको, एकदा डबा घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, "गोळ्याला भ्याला नाय ह्यो मानूस, पन घरात पाल दिसली की खाटंवर चढतो!" सुभेदार लाजून चहा ओतत राहिले.

एका शनिवारी असंच एक फडकं रोवून आम्ही घरी गेलो. पथक सोमवारी येणार होतं. सोमवारी आम्ही पोचलो तर वरच्या वाड्यांतून आलेली बायांची नवी टोळी आमच्या आधी हजर. रिंगणात दगडांचा ढीग, त्यावर हळदकुंकू. घाटातल्या वळणावर रखवाल्या देव असतो, लाल फडक्याचा, पांढऱ्या दगडांचा. येणारा-जाणारा त्याला एक दगड ठेवतो. कामाला लागण्याआधी या बायांनीही ठेवला होता. शेवटची, सुभेदारांच्याच वाडीवरची राधा, मोठा धोंडा छातीशी धरून वाकत होती.

सुभेदार ओरडले नाहीत. लेकीशी बोलावं तसं म्हणाले, "राधे, गो बाय, दगूड हातातच ऱ्हाऊ दे. जड हाय का?"

"नाय काका."

"मंग माझ्याकडं घेऊन ये. हळू. देवाकडं पाठ झाली तरी तो रागावनार नाय."

ती आली. धोंडा त्यांनी आपल्या हातात घेतला आणि बाकीच्यांना एकेक करून बांधापलीकडे नेलं. मग ते मटकन खाली बसले. "माझीच चूक, म्याडम. मी पलटनीत निघालो तवा माझ्या आयेनं त्याच देवाला दगूड ठेवलाता. आन् ह्या बाया फडकं बघून काय समजतील, ते मला कळू नये?"

पथकाने गोळा हलवला नाही. भोवती वाळूची पोती रचून तो जागच्या जागी उडवला. जमीन हादरली, घारी उधळल्या, धूळ सगळ्यांना गिळून बसली. आम्ही सगळे सुरक्षित अंतरावर होतो, तरी त्या धुळीत सुभेदार हाका मारू लागले. "राधा!" "ओ!" "कोंडी!" "ओ!" एकेक नाव, एकेक ओ. शेवटी, "म्याडम!" मी ओ दिली आणि मला रडूच कोसळलं.

त्यानंतर ते रोज सकाळी नव्या बायांना समोर बसवून फडक्याचा अर्थ सांगायचे. डोंगर उपसून झाला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

काही वर्षांनी सुभेदार गेले. मला उशिरा कळलं. वाडीवर गेले तेव्हा काकी शेणी थापत होत्या. हात न धुताच माझ्याजवळ येऊन बसल्या.

"तापात नावं घ्यायचे," त्या म्हणाल्या. "राधा, कोंडी... ओ आली नाय की तळमळायचे. मंग मीच द्यायची, एकेकीच्या नावाची. शेवटाला म्याडम म्हनले."

मी त्यांचा शेणाने भरलेला हात हातात घेतला.

"तुमची बी दिली," काकी म्हणाल्या. "तवा डोळा लागला त्यांचा."